‘सह्य मात्रा’ : एका संज्ञेचा इतिहास

शास्त्रीय संज्ञा ही केवळ वस्तूचे नाव नसते; ती घडविणाऱ्यांनी काय पाहिले व काय पाहिले नाही, ह्याचीही ती नोंद असते. क्ष-किरणांच्या सान्निध्यात काम करणाऱ्या रुग्णालयीन सेवकवर्गाच्या इतिहासात ‘टॉलरन्स डोस’, म्हणजेच ‘सह्य मात्रा’, ही अशीच एक संज्ञा आहे. तिचा मागोवा घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

राँटगेन ह्यांनी १८९५ च्या अखेरीस क्ष-किरण शोधून काढले. त्यानंतर काही महिन्यांतच ते हाताळणाऱ्यांच्या हातांवर भाजल्यासारखे व्रण दिसू लागले. इजा डोळ्यांना दिसत होती, म्हणून लक्षही त्वचेकडेच गेले. वास्तविक १९०३ मध्येच हेर्मान हाइनेके ह्या जर्मन शल्यविशारदांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखविले होते, की ह्या किरणांनी प्लीहेतील व लसीकाग्रंथींतील पेशी नष्ट होतात. रोगप्रतिकारशक्तीचा मोठा भार ह्याच पेशींवर असतो. त्वचेवर लाली उमटण्यास कित्येक दिवस लागू शकतात. लसीकापेशी मात्र काही तासांतच मरू लागतात.

१९२१ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयातील क्ष-किरणतज्ज्ञ आयर्नसाइड ब्रूस ह्यांचा मृत्यू झाला. निदान होते ‘अप्लास्टिक अ‍ॅनिमिया’. ह्या विकारात अस्थिमज्जा रक्तपेशी निर्माण करीनाशी होते. तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्या पेशीही घटतात आणि शरीर जंतुसंसर्गापुढे निःशस्त्र होते. ह्या मृत्यूने इंग्लंडात खळबळ उडाली व त्याच वर्षी संरक्षक नियम सुचविणारी समिती स्थापन झाली. अंतरिंद्रियांतील बिघाड व रक्तातील बदल आरंभी ओळखू येत नाहीत, असा इशारा तिने दिला. दिवसाला सात तासांहून अधिक काम नको, रविवारखेरीज आठवड्यात दोन अर्धे दिवस सुटी असावी व ती शक्यतो मोकळ्या हवेत घालवावी, वर्षाकाठी एक महिन्याची रजा मिळावी, अशा तिच्या शिफारशी होत्या. मात्रा मोजण्याचे सर्वमान्य साधन नसल्यामुळे समितीने तास मोजले.

१९२५ मध्ये न्यूयॉर्कचे पदार्थवैज्ञानिक आर्थर मुटशेलर ह्यांनी ‘सह्य मात्रे’ची संकल्पना मांडली. त्वचा लाल करणाऱ्या मात्रेचा शंभरावा भाग ही त्यांनी तीस दिवसांची मर्यादा ठरविली. रक्तविकाराने माणसे दगावल्यानंतरही मोजपट्टी त्वचेचीच राहिली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने निरोगी मनुष्य दिवसाला सुमारे ०.२ राँटगेन सहन करू शकतो, असे मत दिले. त्याच वर्षी मारी क्यूरी ह्यांचे निधन झाले, तेही अप्लास्टिक अ‍ॅनिमियानेच.

१९४४ मध्ये अमेरिकेतील मृत्युनोंदींवरून असे दिसून आले, की क्ष-किरणतज्ज्ञांतील रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण इतर डॉक्टरांच्या कित्येक पट आहे. पुढे १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने मर्यादा आठवड्यास ०.३ राँटगेनपर्यंत खाली आणली आणि ‘सह्य’ हे विशेषणही मागे पडून ‘कमाल अनुज्ञेय मात्रा’ ही संज्ञा रूढ झाली. हा निव्वळ शब्दबदल नव्हे. ‘सह्य’ म्हणताना कर्ता असतो सोसणारा देह आणि तो खरोखरच सोसू शकतो, असे गृहीत धरलेले असते. ‘अनुज्ञेय’ म्हणताना कर्ता अनुज्ञा देणारा असतो. म्हणजे उत्तरदायित्व परिचारिकेच्या वा तंत्रज्ञाच्या प्रकृतीवरून उठून नियम करणाऱ्यावर येते.

आज भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार अशा सेवकास पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट व कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. ह्या मर्यादेच्या आत, दीर्घकाळ मिळणाऱ्या अल्प मात्रेने प्रतिकारशक्तीवर नेमका काय परिणाम होतो, ह्याविषयी रुग्णालयीन सेवकांच्या अभ्यासांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. मर्यादेच्या आत राहूनही मात्रा शक्य तितकी कमी ठेवावी, हे तत्त्वही तिच्या जोडीला आहे. मर्यादा म्हणजे सुरक्षिततेची हमी, असा अर्थ आपण लावू लागलो, तर टाकून दिलेली ‘सह्य मात्रा’ नव्या नावाखाली परत आणल्यासारखेच होईल.