कोठार, घर आणि दफनभूमी : ग्वानाह्वातोची संग्रहालये

मेक्सिकोच्या मध्यभागी, समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 मीटर उंचीवर, एका अरुंद घळीत ग्वानाह्वातो हे शहर वसले आहे. रंगीबेरंगी घरे डोंगरउतारावर एकावर एक चढत गेलेली, रस्ते वाकडेतिकडे आणि कित्येक ठिकाणी जमिनीखालून जाणारे. एके काळी या घळीतून नदी वाहत असे आणि पावसाळ्यात शहर बुडवत असे. पुढे नदीला दुसरी वाट काढून दिली आणि तिच्या कोरड्या पात्रातून मोटारी धावू लागल्या. युनेस्कोने 1988 साली या शहराची जागतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

या शहरातली संग्रहालये पाहताना एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. त्यांतली महत्त्वाची संग्रहालये संग्रहालय म्हणून बांधलेलीच नाहीत. एक धान्याचे कोठार होते, एक राहते घर होते आणि एकाची मुळे दफनभूमीत आहेत. त्यामुळे काचेच्या कपाटात काय ठेवले आहे एवढेच पाहून बाहेर पडलो, तर निम्मे संग्रहालय पाहायचे राहून जाते.

कोठारापासून सुरुवात करू. त्याचे नाव अलोंदिगा दे ग्रानादीतास. अलोंदिगा म्हणजे धान्याचे सार्वजनिक कोठार. चौकोनी, दगडी, बाहेरच्या भिंतींना उंचावर लहान लहान खिडक्या. लांबून पाहिले तर किल्लाच वाटावा. इमारतीच्या चारही कोपऱ्यांवर एकेक नाव कोरलेले आहे : इदाल्गो, आयेंदे, आल्दामा, हिमेनेस. नावे तेथे का आहेत हे पुढे पाहू. आधी, एवढे भक्कम कोठार या घळीत कशासाठी बांधले ते पाहिले पाहिजे.

कारण चांदी. सोळाव्या शतकाच्या मध्यावर येथे चांदीच्या शिरा सापडल्या, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस येथील व्हालेन्सियाना ही खाण जगातल्या सर्वांत श्रीमंत खाणींपैकी एक झाली. पण खनिजातली चांदी गंधकाशी संयोग पावलेली असते. ती मोकळी करायची तर भट्टी हवी आणि भट्टीला लाकूड हवे. बार्तोलोमे दे मेदिना या स्पॅनिश माणसाने 1554 च्या सुमारास मेक्सिकोतच पाचूका येथे भट्टीवाचून चालणारी रीत बसवली. खनिजाची बारीक भुकटी करायची, तिचा चिखल दगडी अंगणात पसरायचा, त्यात मीठ, मोरचूद आणि पारा घालायचा आणि कित्येक आठवडे खेचरांकडून तुडवून घ्यायचा. मीठ आणि मोरचूद यांच्यामुळे चांदीचे क्लोराइड तयार होते, पारा त्यातून चांदी मोकळी करतो आणि तिला स्वतःत सामावून घेतो. हा पारदमेल धुऊन, गाळून तापवला की पारा वाफ होऊन जातो, चांदी मागे उरते. जेवढी चांदी हाती लागे तेवढा, कधी त्याहूनही जास्त पारा वाया जाई. हवेत, पाण्यात आणि तुडवणाऱ्यांच्या अंगात. पारा मुख्यतः स्पेनमधल्या आल्मादेनच्या खाणीतून येई आणि त्याचा व्यापार राजाच्या मक्तेदारीत होता. पाऱ्याच्या हिशेबावरून चांदीवर नजर ठेवता येई, हा त्यातला आणखी एक फायदा.

मेक्सिकोची ही चांदी युरोपमार्गे आणि मनिलामार्गे आशियात येत असे. हिंदुस्थानात चांदीच्या खाणी नसल्यासारख्याच होत्या. सुरतेच्या टांकसाळीत परदेशी नाणी वितळवून त्यांचे रुपये पाडले जात, त्यांत स्पॅनिश अमेरिकेच्या चांदीचा वाटा मोठा होता. तेव्हा वर्गात मोगलकालीन रुपया शिकवताना जगाच्या नकाशावर हे शहर दाखवायला हरकत नाही.

खाणीत धातू होता, पण घळीत शेती नव्हती. शहराला मका बाहेरून आणावा लागे. 1785-86 साली दुष्काळ पडला आणि माणसे उपाशी मेली. त्याची आठवण ठेवून रियान्यो या प्रांताधिकाऱ्याने 1798 मध्ये कोठाराचे काम सुरू केले. ते 1809 मध्ये पुरे झाले. मधल्या काळात, 1803 साली, आलेक्सांडर फोन हुम्बोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ येथे येऊन गेला. खाणीच्या पायऱ्यांवरून शंभर किलोंहून जड ओझी पाठीवर वाहणाऱ्या मजुरांचे वर्णन त्याने केले आहे. ते वाचल्यावर पुढची घटना अगदीच आकस्मिक वाटत नाही.

16 सप्टेंबर 1810 रोजी जवळच्या दोलोरेस गावी मिगेल इदाल्गो या धर्मगुरूने स्पॅनिश राजवटीविरुद्ध बंडाची घंटा वाजवली. बारा दिवसांत हजारो शेतकरी आणि मजूर ग्वानाह्वातोवर चालून आले. रियान्यो आणि इदाल्गो यांचा पूर्वीचा स्नेह होता. तरीही रियान्योने शरणागती नाकारली आणि शहरातले श्रीमंत स्पॅनिश लोक, तिजोरीतली चांदी व दप्तर घेऊन तो या कोठारात शिरला. शहरातली सामान्य माणसे बाहेर राहिली. उपासमारीपासून शहराला वाचवायला बांधलेली इमारत त्या दिवशी शहराकडे पाठ फिरवून बसली, आणि खाणमजूर बंडखोरांना मिळाले ते काही उगीच नव्हे. आतल्यांनी हातबॉम्ब कशाचे केले? पारा ज्या लोखंडी बुधल्यांतून येई, त्यांत दारू ठासून त्या खाली फेकल्या. रियान्यो सुरुवातीलाच गोळी लागून पडला. बंडखोरांनी लाकडी दरवाजा जाळला आणि आत कत्तल झाली.

दरवाजा कोणी जाळला? पीपिला या टोपणनावाच्या खाणकामगाराने पाठीवर दगडी फरशी बांधली, तिच्या आडोशाने गोळ्यांच्या वर्षावातून रांगत जाऊन आग लावली, असे सांगतात. शहरावरच्या टेकडीवर 1939 साली उभारलेला त्याचा प्रचंड पुतळा आहे. पण हा माणूस खरोखर होऊन गेला का, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. लुकास आलामान हा इतिहासकार त्या वेळी सतरा वर्षांचा होता आणि ग्वानाह्वातोतच होता. त्याने ही गोष्ट मान्य केली नाही. आलामान बंडखोरांचा मित्र नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवे. आम्हांला एवढेच म्हणावेसे वाटते की दरवाजा जळाला हे निश्चित, तो जाळणारे हात मजुरांचे असावेत हेही संभवनीय, आणि फरशी पाठीवर बांधून चालणे हे रोज शंभर किलो खनिज वाहणाऱ्याला अशक्य नव्हते. पुतळा एकाचा असला तरी मेलेले पुष्कळ होते आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

पुढच्या वर्षी बंडाचे नेते पकडले जाऊन मारले गेले. चौघांची शिरे पिंजऱ्यांत घालून या कोठाराच्या चार कोपऱ्यांवर टांगण्यात आली. ती 1821 मध्ये, स्वातंत्र्य मिळाल्यावर, खाली उतरली. कोपऱ्यांवरची चार नावे ती हीच. दहा वर्षे बाजाराला जाणारी माणसे त्यांच्याखालून गेली असतील. पुढे 1864 पासून हीच इमारत तुरुंग होती, आणि 1958 साली ती प्रादेशिक संग्रहालय झाली.

आत शिरताच जिन्यांच्या भिंतींवर होसे चावेस मोरादो या चित्रकाराची विशाल भित्तिचित्रे दिसतात. 1955 ते 1966 या काळात त्याने ती रंगवली. म्हणजे येथे चित्र भिंतीवर टांगलेले नाही. ज्या भिंतीपाशी माणसे मेली तिच्यावरच ते आहे. मेक्सिकोत राज्यक्रांतीनंतर भित्तिचित्रांची जी चळवळ झाली तिचे म्हणणेच असे होते की ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही आपला इतिहास सार्वजनिक भिंतीवर दिसावा.

वरच्या दालनांत चुपीक्वारोची मातीची भांडी आणि मूर्ती आहेत : लाल, काळ्या आणि पिवळट रंगांच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या नक्षीच्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. हे गाव लेर्मा नदीवरच्या सोलीस धरणाखाली 1949 मध्ये बुडाले. पाणी चढण्यापूर्वी, 1946-47 मध्ये, पुरातत्त्वज्ञांनी घाईने उत्खनन करून कित्येक थडगी नोंदवली. धरणाखाली गेलेली गावे आपल्याला नवी नाहीत. नोंदवून काढलेले भांडे कोणत्या थडग्यात, कोणाच्या उशाशी होते हे सांगता येते; चोरून काढलेले तितकेच सुंदर भांडे मुके असते. दोन्ही शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक कळणार नाही, म्हणून भांड्याखालची चिठ्ठी वाचायची सवय मुलांना लावावी.

कोठारापासून थोड्याच अंतरावर, पोसितोस रस्त्यावर, चित्रकार दिएगो रिव्हेरा याचे जन्मघर आहे. तो 8 डिसेंबर 1886 रोजी येथे जन्मला आणि सहा-सात वर्षांचा असतानाच कुटुंबाबरोबर मेक्सिको शहरात गेला. नास्तिक आणि साम्यवादी रिव्हेराविषयी या धार्मिक शहराला दीर्घकाळ प्रेम नव्हते. 1947 साली मेक्सिको शहरातल्या एका हॉटेलातल्या भित्तिचित्रात त्याने ‘देव अस्तित्वात नाही’ हे शब्द रंगवले. मूळ बोल इग्नासियो रामीरेस या विचारवंताचे, आणि तोही याच प्रांतातला. चित्र अनेक वर्षे झाकून ठेवावे लागले. 1956 मध्ये रिव्हेराने ते शब्द स्वतःच पुसले. पुढच्या वर्षी तो वारला, आणि जन्मघराचे संग्रहालय व्हायला 1975 साल उजाडले. खाली जुन्या वळणाच्या खोल्या, वर चित्रे. शेतीतज्ज्ञ व मंत्री असलेल्या मार्ते गोमेस यांच्या संग्रहातली त्याची सुरुवातीची कामे येथे आहेत. भित्तिचित्रांतला भव्य रिव्हेरा ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तो आधी काय काय शिकला, कोणाची नक्कल करून पाहिली, हे येथे पाहावे.

डॉन किहोटेच्या संग्रहालयाविषयी थोडक्यात. एउलालियो फेरेर हा स्पॅनिश तरुण यादवी युद्धात हरलेल्या प्रजासत्ताक पक्षाचा. फ्रान्समधल्या छावणीत कैदेत असताना सिगारेटच्या पाकिटाच्या बदल्यात त्याला सेर्व्हांतेसच्या कादंबरीची लहानशी प्रत मिळाली. मेक्सिकोत येऊन जाहिरातीच्या धंद्यात पैसा मिळवल्यावर त्याने किहोटेची चित्रे, शिल्पे, भांडी, जे मिळेल ते जमवले आणि 1987 मध्ये या शहराला देऊन टाकले. सगळेच चांगले आहे असे नाही. एकच काटकुळा स्वार शेकडो हातांनी कसा काढला ते पाहण्यात मौज आहे.

आता शेवटचे आणि सर्वांत गर्दीचे संग्रहालय : ममींचे. येथे कोणीही मृतदेहांवर लेप लावले नव्हते. सान्ता पाउला दफनभूमी 1861 मध्ये सुरू झाली. तेथे पुष्कळ मृतदेह जमिनीत न पुरता भिंतीतल्या, एकावर एक रचलेल्या बंद कोनाड्यांत ठेवत. कोनाड्यासाठी नगरपालिकेला फी द्यावी लागे. ती थकली की मृतदेह बाहेर काढून जागा दुसऱ्याला देत. 9 जून 1865 रोजी असाच एक कोनाडा उघडला, तर आत रेमिहियो लेरॉय या फ्रेंच डॉक्टरचा देह कपड्यांसकट टिकलेला आढळला. परदेशी माणूस, त्याची फी भरायला तेथे कोणी नव्हते.

जमिनीतल्या क्षारांमुळे हे घडले असे सांगतात, पण हे देह जमिनीत नव्हतेच. देह कुजवणाऱ्या जीवाणूंना पाणी लागते. उंचावरचे, उन्हाने तापणारे कोनाडे आणि कोरडी हवा यांमुळे देहातले पाणी झपाट्याने निघून गेले, तर जीवाणूंचे काम अर्ध्यावर थांबते. आपल्याकडे सुकट टिकते त्याच तत्त्वावर, फक्त मीठ न लावता. 1833 च्या पटकीच्या साथीतले हे बळी, असेही सांगतात. पण दफनभूमीच 1861 ची आहे, हे वजाबाकी येणाऱ्या कोणत्याही मुलाच्या लक्षात येईल. तोंड वासलेल्या ममी पाहून ‘जिवंत पुरले, म्हणून किंचाळत मेली’ अशा गोष्टी रचल्या गेल्या. मृत्यूनंतर जबड्याचे स्नायू सैल पडून तोंड उघडते, मग सुकणारी कातडी ओठ मागे खेचते. प्रत्येक आ वासलेला चेहरा किंचाळणारा नसतो.

सुरुवातीला हे देह तळघरात भिंतीला टेकवून ठेवत आणि थडगी खोदणारे चार पैसे घेऊन ते दाखवत. पुढे रीतसर संग्रहालय झाले, 1972 साली त्यांच्यावर एक कुस्तीगिराचा भयपट निघाला, आणि आज ते नगरपालिकेच्या उत्पन्नाचे मोठे साधन आहे. शंभराहून अधिक ममींपैकी काहींच्या पायांत नुसते मोजे शिल्लक आहेत. तान्ही मुलेही आहेत. काही ममी 2023 मध्ये मेक्सिको शहरातल्या एका पर्यटन प्रदर्शनात नेल्या, तेव्हा एकीवर बुरशी असावी, अशी चिंता राष्ट्रीय मानवशास्त्र व इतिहास संस्थेने व्यक्त केली. 2024 मध्ये संग्रहालयाच्या कामात एका ममीचा हात निखळल्याचेही तिनेच जाहीर केले.

ममींकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे यात शंका नाही : आहार, आजार, दातांची स्थिती, कपड्यांचे विणकाम. पण ते शिकण्यासाठी त्या तिकिटापलीकडे उभ्या कराव्या लागतात, हे आम्हांला पटत नाही. इजिप्तच्या राजाची ममी आणि ही ममी यांत एक मोठा फरक आहे. तो राजा टिकावा म्हणून त्याच्या माणसांनी खर्च केला होता. ही माणसे दिसताहेत ती त्यांच्या माणसांना खर्च करता आला नाही म्हणून. मुलांना येथे न्यायचे की नाही हे शिक्षकांनी आपले आपण ठरवावे. न्यायचेच असेल तर आधी फीची गोष्ट सांगावी, भुतांची नव्हे.

थकलेल्या फीसाठी मृतदेह बाहेर काढण्याचा तो नियम 1958 मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी कोठाराचे संग्रहालय झाले होते. त्याआधी बाहेर काढलेल्यांपैकी पुष्कळ जण अजून काचेआड आहेत.