मालमोटारीचे मूळ रूप कोणते?

बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण तालुक्यात, कलबुर्गीच्या म्हणजे आपल्या जुन्या गुलबर्ग्याच्या सीमेजवळ मुडबी हे गाव आहे. या भागाचा इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे आपण चालुक्यांच्या कल्याण नगरीपासून आरंभ करतो, बसवेश्वरांच्या चरणी क्षणभर विसावतो आणि बीदरच्या बहमनी किल्ल्यात शिरतो. ते योग्यच आहे. परंतु गेल्या शतकात या प्रदेशाचा व्यवहार जिने पालटून टाकला, त्या मालमोटारीस मात्र आपल्या इतिहासात कोठेच जागा मिळालेली नाही. बीदर आणि कलबुर्गी ही दोन शहरे लोहमार्गाने थेट जोडली गेली ती २०१७ साली. तोपर्यंत या दोहोंमधील तूर, ज्वारी, ऊस आणि शहाबादी फरशी यांचा भार रस्त्यानेच वाहिला. म्हणूनच जुन्या मालमोटारी जतन करणे हा केवळ हौशी माणसांचा छंद नव्हे; तो येथील इतिहासाचा एक प्रश्न आहे.

हा भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या रेल्वेने १९३२ साली रस्ता-वाहतुकीचे स्वतंत्र खाते उघडले, तेव्हा त्याच्यापाशी २७ बसगाड्या आणि १६६ नोकर होते. स्कॉटलंडमध्ये तयार झालेल्या त्या आल्बियन गाड्यांपैकी एक हैदराबादेत जपून ठेवलेली आहे. प्रवासी गाडीचे असे भाग्य उजळले. माल वाहणाऱ्या गाडीचे नाही.

पुढे दुसरे महायुद्ध आले. एकट्या कॅनडाने त्या युद्धासाठी आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने बनविली. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात उरलेल्या फोर्ड, शेव्हरोले, डॉज इत्यादी लष्करी गाड्या लिलावात निघाल्या आणि अनेक वाहतूकदारांनी त्यांवरच आपला धंदा उभा केला. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा सोलापुराहून नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, जहिराबाद या मार्गाने हैदराबादेकडे निघाल्या. त्यांतील राजेश्वर हे बसवकल्याण तालुक्यातलेच गाव. रणगाड्यांची कथा सर्वांना ठाऊक असते. त्यांच्यामागून इंधन आणि शिधा घेऊन जाणाऱ्या मालमोटारींची कथा कोणी सांगत नाही.

याच सुमारास देशी कारखानदारीस आरंभ झाला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यातून १९४७ पासून डॉज जातीच्या मालमोटारी बाहेर पडू लागल्या. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेन्झ कंपनीशी करार केला, आणि नाकावर तीन टोकांचा तारा मिरविणारी टाटा-मर्सिडीज जमशेदपुराहून देशभर गेली. सहा सिलिंडरांचे तिचे डिझेल इंजिन तेलास काटकसरी आणि ओझ्यास खंबीर ठरले. करार १९६९ साली संपला, तारा उतरला. पण त्या गाड्या त्यानंतरही कितीतरी वर्षे धावत राहिल्या.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मोटारगाडी कारखान्यातून पूर्ण होऊन येते. मालमोटार मात्र त्या काळी बहुधा चॅसिस, इंजिन आणि पुढचे नाक एवढीच येत असे. ड्रायव्हरची केबिन, मागचा हौदा, त्याचे फाळके हे सारे गावोगावचे सुतार आणि लोहार बांधीत. पुढे मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्सची डिझेल इंजिने देशात बनविण्यास सुरुवात केल्यावर अनेक पेट्रोल गाड्यांचे इंजिनही बदलले गेले. पाटा तुटला की नवा चढे. फाळका कुजला की दुसरा येई. मग अशा गाडीचे मूळ रूप कोणते म्हणावयाचे? तिची दुरुस्ती हाच तिचा इतिहास आहे, असे माझे मत आहे.

कायद्याची दृष्टी मात्र निराळी आहे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदविण्याचे नियम केले. ही सवलत दुचाकींना आणि प्रवासी मोटारींना आहे, मालमोटारींना नाही. शिवाय चॅसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. उद्या मालमोटारींना ही सवलत दिली, तरी या अटीस उतरेल अशी गाडी आपल्याकडे विरळाच निघेल. त्याच वर्षी जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरणही आले. धूर आणि अपघात यांचा विचार करता ते अनुचित म्हणता येणार नाही. परंतु शेकडो गाड्या मोडीत जाताना चार-दोन तरी राखून ठेवणे अवघड नसावे.

राखावयाची ती कशी? वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन एकदम चालू करू नये. सिलिंडरांत थोडे तेल सोडून ते आधी हाताने फिरवून पाहावे; टाकीतला गंज काढावा, नोजल आणि डिझेलचा पंप तपासून घ्यावा. ब्रेकचे रबर वरून चांगले दिसले तरी बदलावे. रिंग बसविलेल्या जुन्या चाकात हवा भरताना समोर उभे राहू नये. रिंग उडाली तर प्राणावर बेतते. लाकडी हौदा चॅसिसला टेकतो तेथे माती साचून ओल धरते आणि लाकूड प्रथम तेथेच कुजते. ती जागा कोरडी ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नव्या रंगाची घाई करू नये. जुन्या रंगाखाली मालकाचे नाव, गावाचे नाव, वजनाचे आकडे दडलेले असतात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा एकीकडे गेला, बीदर-गुलबर्गा दुसरीकडे. अशा स्थित्यंतराच्या खुणाही एखाद्या फळीवर सापडावयाच्या. त्या खरवडण्यापूर्वी उतरवून घ्याव्यात, काढलेला भाग चिठ्ठी लावून ठेवावा आणि कोणता भाग केव्हा बदलला याची वही ठेवावी.

या वहीची खरी सामग्री मात्र वृद्ध मिस्त्र्यांपाशी आहे. इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणारी ही माणसे बहुधा लिहीत नाहीत, आणि आम्ही शिकलेली माणसे त्यांना विचारीत नाही. शाळेच्या मुलांना किल्ला दाखविण्यास आपण नेतो, तसे एक दिवस गावातल्या जुन्या गॅरेजातही न्यावे. एकाने विचारावे, दुसऱ्याने लिहून घ्यावे. लोखंड गंजावयास पुष्कळ वर्षे लागतात. माणसाची आठवण त्याच्या आधी जाते. म्हणून आरंभ करावयाचा तो गाडीपासून नव्हे, मिस्त्र्यापासून.