दिनविशेष : २६ जून – बोरघाटात काचेच्या छताची गाडी

२६ जून २०२१ रोजी मुंबई–पुणे डेक्कन एक्स्प्रेसला पहिल्यांदा व्हिस्टाडोम डबा जोडला गेला. काचेचं छत, रुंद खिडक्या आणि फिरणाऱ्या ४४ खुर्च्या. माथेरानचा डोंगर, पळसदरीजवळचा सोनगीर, उल्हास नदीचं खोरं आणि खंडाळ्याचे धबधबे प्रवाशांना बसल्या जागेवरून दिसू लागले. पावसाळ्यात बोरघाट पाहावा तो असाच.

अशा डब्यांची आधुनिक कल्पना अमेरिकेतली. जनरल मोटर्सचे सायरस ऑस्बोर्न १९४४ मध्ये कोलोरॅडोच्या ग्लेनवूड दरीतून इंजिनाच्या केबिनमधून जात होते. चालकाला दिसतं ते प्रवाशालाही दिसावं, असं त्यांना वाटलं. १९४५ मध्ये बर्लिंग्टन रेल्वेचा ‘सिल्व्हर डोम’ हा छतावर काचेचा घुमट असलेला डबा धावला. आपल्याकडे छत उंच न करता त्यातच काच बसवली. चेन्नईच्या कारखान्यातले असे डबे २०१७ मध्ये आधी विशाखापट्टणम–अराकू मार्गावर आणि सप्टेंबरात दादर–मडगाव जनशताब्दीला आले.

घाट आमच्याही वाटेवर आहेत. सांगली जिल्ह्यातल्या ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) लोकांना रेल्वेसाठी ताकारी गाठावं लागतं. तिथून जाणारी मुंबई–कोल्हापूर कोयना एक्स्प्रेस आदर्की आणि बोरघाट हे दोन्ही घाट दिवसाउजेडी ओलांडते. सातारा-सांगलीच्या प्रवाशांनाही हे डोंगर मोकळेपणाने पाहता यावेत, म्हणून रेल्वेने कोयनेला असा एक डबा द्यावा.