गोदीचा स्फोट आणि हजेरीबाहेरची माणसे

माझ्या आजीला साल सांगता येत नसे. "जयंतीच्या दिशी गोदी उडाली बघ. भावजी गेलं ते माघारी आलंच न्हाईत," एवढेच ती म्हणे. तिचा धाकटा दीर, म्हणजे माझा चुलत आजोबा, भिगवण स्टेशनात गाडीला बसून पोटासाठी मुंबईला गेला आणि गोदीत एका टोळीवाल्याच्या हाताखाली ओझी वाहू लागला. त्याचे एक पोस्टकार्ड घरात होते. उजनीचे पाणी चढले, भीमेकाठची जुनी वस्ती सोडावी लागली, त्या धांदलीत तेही गेले. मागे उरली ती आजीची तारीख. ती ताडून पाहावी म्हणून मी जुन्या वर्तमानपत्रांच्या मागे लागलो.

मुंबई गोदीतला मोठा स्फोट १९४४ सालचा. म्हणून ग्रंथालयात १५ एप्रिल १९४४ पासूनचे अंक काढून घेतले. अर्धी मुंबई हादरली, तेव्हा पहिले पान त्यानेच भरलेले असणार, अशी माझी समजूत. पण मला हवा होता तो तपशील त्या अंकात नव्हता. पुढच्या दिवसांचे अंक चाळले, तीच गत. क्षणभर वाटले, म्हातारी चुकली असेल.

म्हातारी चुकली नव्हती. महायुद्ध चालू होते आणि सरकारने बातमीच्या तोंडावर हात ठेवला होता. सविस्तर वृत्त देण्याची मुभा वर्तमानपत्रांना मिळाली ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याआधी, १५ एप्रिललाच, जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ही हकीगत जगाला सांगून टाकली होती. शत्रूच्या रेडिओला जे कळले, ते इथल्या वाचकाला महिनाभर कळू दिले गेले नाही. अखेर मेच्या एका अंकात मला ते वृत्त सापडले.

घटना अशी. 'फोर्ट स्टिकिन' हे ब्रिटिश मालवाहू जहाज १२ एप्रिलला मुंबईत आले आणि व्हिक्टोरिया गोदीत लागले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि त्याच जहाजात कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी! १४ तारखेला, शुक्रवारी, दुपारी कापसाने पेट घेतला. चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. रॉयल इंडियन नेव्हीचे 'एल हिंद' जहाज जळून बुडाले. शिंदिया कंपनीच्या 'जलपद्म'चा मागचा भाग उडून गोदीच्या शेडवर जाऊन पडला. मांडवी-मशीद बंदराच्या बाजूला आगीचा डोंब उसळला. अधिकृत आकड्यांनुसारच सातशेहून अधिक माणसे मेली.

याच जहाजावर सोन्याच्या १२४ विटा होत्या. त्यांची मोजदाद पेटीवार होती. पुढे कित्येक वर्षे गोदीतला गाळ उपसताना त्यांतल्या विटा सापडत राहिल्या. आग विझवताना ६६ अग्निशामक जवान मेले. १४ एप्रिलला देश त्यांचे स्मरण करतो आणि तो मान रास्तच आहे. पण टोळीवाल्याने रोजावर आणलेल्या हमालाची मोजदाद कोणी ठेवायची? कंपनीच्या पुस्तकात टोळीवाला, आणि टोळीवाल्याच्या तोंडी आमची माणसे. मेलेल्यांच्या यादीत यायला आधी जिवंतांच्या हजेरीत असावे लागते. गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा आला तो १९४८ साली.

त्या शुक्रवारी बाबासाहेबांना त्रेपन्न वर्षे पूर्ण झाली होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते तेव्हा मजूर खात्याचे सभासद होते. आजीने स्फोटाचा दिवस जयंतीच्या खुंटीला टांगून ठेवला, म्हणून तो हरवला नाही. आमच्या अक्षरशून्य बायांचे पंचांग ते हेच.

मला बातमी मिळाली, पण नाव मिळाले नाही. सरकारची बंदी महिन्याभरात उठली. हजेरीबाहेर ठेवण्याची बंदी त्याहून जुनी आहे आणि ती कोणत्याही हुकमावर लिहिलेली नव्हती, म्हणून ती उठवणारा हुकूमही निघाला नाही. तेव्हा वाचकहो, ग्रंथालयात जरूर जा. पण आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि ती सांगतील ती नावे लिहून घ्या. मी माझ्या वहीत पहिले नाव लिहिले आहे. त्यापुढे तारीख घातली आहे, १४ एप्रिल १९४४, आणि पुराव्याच्या रकान्यात आजीचे नाव.