शांत सकाळ, बाळागोळी आणि ३९ मिनिटं

आज आवाज जरा दबका येईल, समजून घ्या. पहाटेचे साडेपाच वाजलेत. शेजारच्या खोलीत आमची सात महिन्यांची मुलगी झोपलीय आणि ती उठायच्या आत मला हा भाग संपवायचाय.

मागच्या महिन्यात बायकोची बाळंतपणाची रजा संपली आणि सकाळची ड्यूटी माझ्याकडे आली. आता इंजिनिअर माणूस अशा वेळी काय करतो? स्प्रेडशीट बनवतो. उठली किती वाजता, दूध, शी, माळिश, आंघोळ, झोप. तीन आठवड्यांचा डेटा, रंगीत रकाने, सगळं. हेतू एकच होता. सकाळ शांत जावी आणि साडेनऊच्या स्टँडअप कॉलमध्ये मागून रडण्याचा आवाज येऊ नये.

ही शीट मी मोठ्या कौतुकाने आजीला दाखवली. आजी लालबागच्या चाळीत वाढलेली, तिची आई गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. आजीने चष्मा सारखा केला, शीट बघितली आणि म्हणाली, "एवढं कशाला लिहीत बसतोस? माझी आई सांगायची, त्यांच्या वेळी बायका पोराला गोळी द्यायच्या आणि कामावर जायच्या. पोर दिवसभर हूं की चूं करायचं नाही."

मी विचारलं, "कसली गोळी?"

"बाळागोळी. अफूची."

म्हणजे आजचा विषय दिसायला छोटा आहे, बाळाची शांत सकाळ. पण ही शांतता आपोआप येत नाही. ती कोणीतरी तयार करतं, आणि त्याची किंमतही कोणीतरी देतं. कोण, ते बघूया.

सुरुवात गावापासून करू. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आपल्याकडच्या गावात सकाळ घड्याळाने होत नव्हती, जात्याने होत होती. घरातल्या बायका पहाटे अंधारात उठून दळायला बसत. दळता दळता ओव्या गात. या ओव्या किती असतील? पुण्यातल्या संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेला संग्रहच एक लाखाच्या वर जातो. त्यात लेकरांवरच्या ओव्या पुष्कळ आहेत आणि त्यात नवल नाही. लेकरू तिथेच असायचं, मांडीवर नाहीतर शेजारी गोधडीवर. जात्याची घरघर आणि आईचा आवाज ऐकत ते झोपायचं, त्याच आवाजात उठायचं.

मग तेल लावणं, अंग चोळणं, पायांवर आडवं घेऊन न्हाऊ घालणं, ओव्याची धुरी, टाळूवर तेल, गालाला तीट. हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी घरी बघितलंय. यात एक गोष्ट नीट बघा. हे काम एकटीचं नव्हतंच. एक पाणी तापवतेय, दुसरी न्हाऊ घालतेय, तिसरी टुवाल घेऊन उभी. कधी सासू, कधी जाऊ, कधी सुईण.

हे गोड चित्र आहे म्हणून फसू नका. पहाटे उठून जातं ओढणं म्हणजे हाडं मोडणारं काम होतं. शेतमजूर बाईला तर बाळंतपणानंतर लवकरच रानात जावं लागे. ती झाडाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधायची आणि त्यात पोर ठेवायची. तरीही एक गोष्ट शाबूत होती. पोर रडलं तर ते आईला ऐकू यायचं.

हे अंतर तुटलं ते गिरणीमुळे.

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी स्थापन केली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळ्याचं आकाश धुरांड्यांनी भरलं. कोकणातून, घाटावरून माणसं आली. त्यात बायकाही होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरणीतल्या साधारण पाच कामगारांमागे एक बाई असायची. त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत असत, सूत गुंडाळायच्या कामावर.

१८९१ च्या फॅक्टरी कायद्याने बायकांच्या कामाची मर्यादा दिवसाला अकरा तास ठरवली. लक्षात घ्या, ही सुधारणा होती! अकरा तासांत जेवणाची सुट्टी आणि येण्याजाण्याचा वेळ मिळवा. त्याआधी पाणी भरणं, चूल, भाकऱ्या. बाळासाठी सकाळ उरते किती?

आणि उरलेल्या सकाळीतूनही १९०६ मध्ये एक तुकडा गेला. मला स्वतःला हा किस्सा हा भाग तयार करतानाच कळला.

तोवर मुंबईची स्वतःची वेळ होती, बॉम्बे टाइम. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने देशभरासाठी ५ तास ३० मिनिटांची प्रमाणवेळ आणली, जी आपण आजही वापरतो. फरक ३९ मिनिटांचा. आपल्याला वाटेल, त्यात काय एवढं? पण गिरणीचा भोंगा नव्या घड्याळाप्रमाणे वाजणार असेल, तर कामगाराला सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटं आधी उठायला लागणार. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडलं, दंगाही झाला. मुंबई महापालिकेने तर जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. शाळेच्या पुस्तकात प्रमाणवेळेवर एक ओळ असते. ती ३९ मिनिटं कोणाच्या पहाटेतून गेली, हे त्या ओळीत नसतं.

आता गोळीकडे येतो.

एका खोलीत आठ-दहा माणसं. नवरा गिरणीत, आपण गिरणीत. सासू गावी. पोर तीन-चार महिन्यांचं. शेजारीण बघेल, पण तिच्याकडे स्वतःची तीन पोरं आहेत. काही बायका पोराला गिरणीतच घेऊन जात. तिथे मशीनचा आवाज आणि हवेत कापसाची पूस. अशा वेळी बाजारात एक छोटी गोळी मिळत होती, बाळागोळी. त्यात अफू असायची. अफू चोरून विकली जात नव्हती. सरकारी परवान्याच्या दुकानात मिळायची आणि तिचा महसूल सरकारी तिजोरीत जायचा.

(इथे एक खुलासा. बाळागोळी म्हणजे बाळगुटी नव्हे. घरी वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग सहाणेवर उगाळून देतात ती गुटी वेगळी. तीही देऊ नका, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, असं आता डॉक्टर सांगतात. पण तो विषय वेगळा.)

मुंबई सरकारने गिरण्यांतल्या बायकांच्या परिस्थितीची पाहणी करायला बार्न्स नावाच्या एका महिला डॉक्टरांना नेमलं होतं. १९२२ च्या सुमारास त्यांनी लिहून ठेवलं, की कामगार बायकांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते. शंभरात ९८. हा आकडा मी दोनदा तपासला.

अफूने बाळ शांत होतं म्हणजे काय होतं? भूक मरते, श्वास मंदावतो. बाळ दूध मागायला रडत नाही, म्हणून त्याला दूध कमी मिळतं. ते सुकत जातं. डोस जरा जास्त झाला, तर उठतच नाही.

त्या काळातल्या साहेब लोकांनी यावर 'अडाणी बायका' असा शेरा मारून विषय संपवला. पण गंमत बघा. त्याच्या ऐंशी वर्षं आधी खुद्द इंग्लंडमध्ये, मँचेस्टरच्या आसपासच्या कापड गिरण्यांच्या गावांत, कामगार आया बाळांना 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचं गोड सरबत पाजत होत्या. त्यातही अफूच. एंगल्सने १८४५ च्या इंग्लंडच्या कामगारवर्गावरच्या पुस्तकात त्याची नोंद केलीय. भाषा वेगळी, धर्म वेगळा, हवामान वेगळं, आणि गोळी तीच. दोन्हीकडे सारखं काय होतं? गिरणी, भोंगा, आणि बाळाजवळ कोणी नसणं.

त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला बाळाला शांत करायचा वेगळा प्रयोग चालू होता. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात डॉ. ट्रुबी किंग यांनी १९०७ मध्ये एक संस्था काढली, पुढे ती प्लंकेट सोसायटी म्हणून ओळखली गेली. त्यांचा नियम असा: दूध घड्याळ बघून, दर चार तासांनी. रात्री नाही. रडलं म्हणून लगेच उचलायचं नाही. हे विचार इंग्रजी राज्यात दूरवर पसरले. किंग यांच्या संस्थेने बाळांच्या स्वच्छतेसाठी आणि आहारासाठी खरोखर चांगलं काम केलं, पण त्या नियमांमुळे हजारो आया घड्याळाकडे बघत बंद दाराबाहेर रडत बसल्या असतील. १९४६ मध्ये अमेरिकेत डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं पुस्तक आलं आणि त्यांनी आयांना सांगितलं, की स्वतःवर विश्वास ठेवा. तेव्हा कुठे ही पकड सैल झाली.

माझी स्प्रेडशीट या ट्रुबी किंगच्या घराण्यातली आहे, हे माझ्या इथे लक्षात आलं. नवजात बाळाला दिवस-रात्र कळत नाही. शरीरातलं घड्याळ दोन-चार महिन्यांत हळूहळू लागायला लागतं. सकाळचा उजेड आणि रोज त्याच क्रमाने होणाऱ्या गोष्टी त्याला मदत करतात. नेमके किती वाजले, याच्याशी बाळाला देणंघेणं नसतं.

मग मुंबईत गोळी थांबली कशी? प्रबोधन झालं, कायदे कडक झाले, हे आहेच. पण महत्त्वाचा बदल वेळ आणि हात यांबाबत झाला. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांचं म्हणणं होतं, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार तिच्या एकटीवर पडू नये. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९३१ मध्ये व्हिटली आयोगाने गिरण्यांत पाळणाघरांची शिफारस केली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात ५० पेक्षा जास्त बायका असतील तिथे पाळणाघर आलं. पुढे ती अट ३० वर आली.

पण इतिहास एवढा सरळ नसतो. खर्च वाढला, रात्रपाळीला बायकांना बंदी होती, नवी यंत्रं आली, आणि मालकांनी बायका घेणंच कमी केलं. पुढच्या दशकांत गिरणीतल्या बायका घटत गेल्या. बाळासाठी वेळ मिळाला, पण अनेकींच्या हातून पगार गेला.

१९६१ मध्ये देशभराचा कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली. माझ्या बायकोला मिळाली ती हीच. खासगी नोकरीतल्या बापाला मात्र कायद्याने अजून एकही दिवस नाही.

आता घरी परत येतो. आजीशी बोलल्यावर मी शीट डिलीट केली नाही, एक रकाना वाढवला. 'बाळ कोणाजवळ?' दोन आठवड्यांनी बघितलं. दूध सातला की साडेसातला, याने फार फरक पडत नव्हता. सकाळ कोलमडली होती ती तीन दिवस, आणि त्या तीनही दिवशी माळिश करणारी ताई आली नव्हती. तिचा मुलगा आजारी होता.

ताई रोज आठला येते. मुलगा तीन वर्षांचा आहे हे मला माहीत होतं. आठ वाजता तो कुठे असतो, हे मी सात महिन्यांत विचारलं नव्हतं. विचारलं, तर म्हणाली, "शेजारीण बघते दादा. ती नसली की मोबाईल देऊन, कडी लावून येते. गप बसतो."

गप बसतो. हे ऐकलं आणि मला आजीचं वाक्य आठवलं. ते २६ आठवडे ताईसाठी नव्हते. पाच घरांत काम करणाऱ्या बाईला मालक पाच असतात आणि आस्थापना एकही नसते.

मी काही मोठं केलेलं नाही. मॅनेजरला विचारून स्टँडअप दहाला घेतला. अर्ध्या तासाचा प्रश्न होता, कोणी काही बोललं नाही. ताई आता मुलाला अंगणवाडीत सोडून दहाला येते, पैसे तेच. मी कॉलवर असतो तेव्हा माळिश चालते. आठ ते दहा मी आणि आजी. खिडकी उघडायची, दूध, थोडं गॅलरीत फिरणं, आजीची बडबड. मुलगी रडते, रडत नाही असं नाही. पण रडली की कोणीतरी ऐकायला असतं.

तुमच्या घरी सकाळी कोणी कामाला येत असेल, तर तिचं बाळ त्या वेळी कुठे असतं, एवढं विचारा. आणि आजी-पणजीकडून बाळागोळीबद्दल काही ऐकलं असेल, तर मला आवाजी मेसेज पाठवा. पुढच्या भागात ऐकवू.

ऐकलंत? उठली. चला, भेटू पुढच्या भागात.