शेवाळाशी पावणेदोनशे वर्षांचं भांडण

हे आजच्या एपिसोडचं लिखित रूप. एस्टीत वडखळच्या पुढे नेटवर्क गेलं की ऑडिओ अडकतो अशी तक्रार होती, म्हणून वाचायलाही देतोय.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. वर्क फ्रॉम होम सुरू झालं आणि मी पुण्याहून अलिबागला घरी आलो. समुद्र दहा मिनिटांवर, हातात पगार, संध्याकाळ मोकळी. साठ लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी घेतली. दोन क्लाउनफिश, चार गोगलगायी, दोन शंखातले खेकडे. टाकी खिडकीत ठेवली, कारण ऊन पडलं की मासे काय दिसायचे! दुसऱ्या महिन्यात वाळूवर तपकिरी धूळ बसली. तिसऱ्या महिन्यात दगडांवर हिरवे केस उगवले. चौथ्या महिन्यात आई म्हणाली, "मासे कुठेत रे?"

मग मी शेवाळ मारायची बाटली आणून ओतली. लेबल नंतर वाचलं. त्यात तांबं होतं. शेवाळ पिवळं पडलं खरं, पण दोन दिवसांत गोगलगायी आणि खेकडे सगळे मेले. पाठीचा कणा नसलेल्या समुद्री जिवांना तांबं अगदी थोडं असलं तरी विष असतं. मासे वाचले. आणि पंधरा दिवसांत शेवाळ परत आलं, कारण आता ते खायलाच कोणी उरलं नव्हतं.

यानंतर मी आम्ही इंजिनिअर लोक करतो तेच केलं. जुने लॉग वाचायला बसलो. तेव्हा कळलं की हा बग १८४६ पासून ओपन आहे.

त्या वर्षी ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घरी नेलं. समुद्र लांब, रोज ताजं पाणी आणणं अशक्य. म्हणून त्यांच्या घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभं राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसायची, हवा मिसळावी म्हणून. इतिहासातला पहिला एअर पंप म्हणजे ही बाई, आणि तिचं नाव सहसा कुठे येत नाही. पुढच्या वर्षी थिनबाईंनी पाण्यात समुद्री वनस्पती सोडल्या. ते प्रवाळ सुमारे तीन वर्षं जगलं.

त्यानंतर येतो रॉबर्ट वॉरिंग्टन, लंडनचा केमिस्ट. १८४९ मध्ये त्याने गोड्या पाण्याच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि पाणवनस्पती ठेवल्या. हिशोब सोपा: मासा वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड देईल, वनस्पती माशाला ऑक्सिजन. कागदावर परफेक्ट! प्रत्यक्षात पानं कुजली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. मग त्याने पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं, हिरवं खाल्लं, आणि पाणी निवळलं. १८५० मध्ये त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. मला यातली गंमत ही वाटते की दोन खेळाडूंचं समीकरण जुळेना, तिसरा आला तेव्हा जुळलं. शेवाळ खाणारा हा डिझाइनचाच भाग आहे, नंतर लावायचा पॅच नाही.

पुढे फिलिप हेन्री गॉसने हा प्रकार समुद्राच्या पाण्यात लोकप्रिय केला. १८५४ चं त्याचं पुस्तक प्रचंड गाजलं. समुद्री गोगलगाय आपल्या खरखरीत जिभेने काचेवरचं हिरवं कसं पट्ट्यापट्ट्याने कापत जाते, हे तो भिंग घेऊन बघायचा. गवत कापणाऱ्या माणसाचा विळा फिरावा तसं.

पण गोगलगायींनी सगळं भागत नव्हतं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं घर उघडलं, ते जवळपास सगळं काचेचं. म्हणजे माझ्या खिडकीचाच सरकारी अवतार! उजेडाचा हा घोळ ओळखला विल्यम ॲल्फर्ड लॉइडने. पाणी हिरवं झालं तर ते फेकू नका, अंधारात ठेवा, असं तो सांगायचा. उजेड नाही तर शेवाळ जगणार कसं? १८७१ च्या क्रिस्टल पॅलेस ॲक्वेरियममध्ये त्याने दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा हौद खाली, अंधारात बांधला आणि पाणी सतत खालीवर फिरवत ठेवलं.

हे वाचताना मला शाळेची सहल आठवली. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरायचं आणि मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय गाठायचं. आपल्याकडच्या कित्येकांनी खाऱ्या पाण्यातला मासा जिवंत असा पहिल्यांदा तिथेच पाहिलाय (ताटातला सोडून). १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी त्याचं उद्घाटन केलं होतं. खर्च आठ लाख, त्यातले दोन लाख तारापोरवाला या पारशी दानशूरांचे. आम्ही उभे होतो तिथे अंधार, उजेड फक्त टाक्यांत. तेव्हा वाटलं, भारी इफेक्ट आहे. आता कळतं की उजेड कुठे पाडायचा आणि कुठे नाही, यावर टाकीचं अर्धं नशीब ठरतं.

उरलेलं अर्धं नशीब खताचं. १९३४ मध्ये अल्फ्रेड रेडफिल्डने दाखवलं की समुद्रातल्या सूक्ष्म जिवांमध्ये आणि पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस साधारण ठरावीक प्रमाणात सापडतात. आपल्या भाषेत, शेवाळाला नायट्रेट आणि फॉस्फेट लागतं आणि ते आपणच घालतो. आमच्या घरी बाबा येता-जाता चिमूटभर खाद्य टाकायचे, "बघ कसे तोंड उघडतायत." शिवाय पाणी उडून जातं पण मीठ मागे राहतं, म्हणून वरून गोडं पाणी घालावं लागतं. मी ते बोअरवेलचं घालत होतो. टेस्ट किट आणून तपासलं, तर बोअरवेलच्याच पाण्यात नायट्रेट ४० च्या आसपास. मी रोज टाकीला खत देत होतो आणि पीक आलं म्हणून रडत होतो.

गेल्या साठेक वर्षांतली दोन नावं सांगतो. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन इंगने लिहिलं की समुद्रातले जिवंत दगड, थोडी हवा आणि उजेड इतक्यावर टाकी चालते. दगडातले जिवाणूच सफाई करतात. आणि अमेरिकेत स्मिथसोनियनच्या वॉल्टर अ‍ॅडीने उलटाच डाव टाकला. शेवाळ वाढणारच असेल तर मला हवं तिथे वाढू दे! त्याने पाणी जाळीवर सोडलं, जाळीवर भरपूर उजेड दिला, तिथे शेवाळ उगवलं की खरवडून बाहेर. पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट शेवाळाच्या रूपाने टाकीबाहेर जातं. शेवाळ हाच फिल्टर.

गॉस वाचून मी एका ओहोटीला रेवदंड्याच्या बाजूला खडपात गेलो. थंडीचे दिवस, दगड हिरवेगार. पण खळग्यांतलं पाणी मात्र आरशासारखं! दिवसातून दोनदा भरती येऊन पाणी बदलते, आणि मधल्या वेळात गोगलगायी चरत असतात. मी डब्यात वीसेक गोळा केल्या. शेजारी एक मावशी कालवं फोडत होत्या.

"काय रं, खायला नेतोस?"

"नाही मावशी, पाळायला."

त्या हसायलाच लागल्या. "पाळायला? आन मंग त्यांना खायला काय घालशील?"

खरंच की. साठ लिटरच्या काचेवर वीस गोगलगायींना किती दिवस पुरेल? पंधरा? त्यानंतर त्या उपाशी मरणार, कुजणार आणि पुन्हा नायट्रेट. मी चार ठेवल्या, बाकीच्या तिथेच सोडल्या.

गॉसच्या वाचकांना असं विचारणारं कोणी भेटलं नसावं. त्याचं पुस्तक वाचून हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर गेल्या आणि खळगेच्या खळगे रिकामे केले. त्याच्या मुलाने, एडमंडने, १९०७ मध्ये हे लिहून ठेवलंय, आणि बापालाही त्याचं दुःख होतं असं तो सांगतो. आपल्याकडे प्रवाळ तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे ली चिन इंगसारखे जिवंत दगड उचलून आणायचा विचारही करू नका. मी कोरडे दगड विकत घेतले. त्यावर जिवाणू बसायला दोन महिने गेले.

बाकी काय केलं? टाकी खिडकीतून काढून आतल्या भिंतीला लावली. दिवा सात तासच. वरून घालायला आरओचं पाणी. आठवड्याला सहा लिटर पाणी बदलतो; पावसाळ्यात आपला समुद्र गढूळ आणि कमी खारट असतो, तेव्हा विकतचं मीठ कालवतो. मागे एका लहान डब्यात केसांच्या गुंत्यासारखं कीटोमॉर्फा शेवाळ ठेवलंय, त्याला रात्री दिवा. महिन्याला मूठभर काढून आईच्या जास्वंदीला घालतो, धुऊन. बाबांना खाद्याचा डबा मिळत नाही, ते नाराज आहेत.

मागची काच मी मुद्दाम घासत नाही. तिथे अजून हिरवं आहे. रात्री बारानंतर मोबाइलचा टॉर्च मारला की चारही जणी त्यावर चरताना दिसतात, आणि त्यांच्यामागे स्वच्छ नागमोडी पट्टे.