वाणीचा मुलूख

वसईच्या खाडीच्या दक्षिण मुखावर, धारावी बेटाच्या टोकाशी वसलेले चौक हे गाव मराठ्यांच्या दप्तरात ठळकपणे येते ते 1739 च्या मोहिमेमुळे. येथील किल्ला फिरंग्यांकडून घेऊन चिमाजी अप्पांनी वसईची सागरी वाट रोखली आणि मे महिन्यात वसई पडली. अंमल बदलला, तरी या किनाऱ्यावरील कोळी व ख्रिस्ती कुटुंबांची बोली टिकली. आणि ग्रियर्सनसाहेबांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, 1905 साली, कोळी व किरिस्ताव बोलींची सरकारी नोंदही झाली.

तोवर युरोपात वाणी आणि मेंदू यांच्या नात्याचा विषय शवविच्छेदनाच्या मेजावर पोहोचला होता. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी 1861 साली, एकच अक्षर उच्चारू शकणाऱ्या रुग्णाच्या मृत्यूनंतर, त्याच्या मेंदूच्या डाव्या अग्रखंडात दोष दाखविला. अस्खलित परंतु अर्थहीन बोलणाऱ्यांचे निदान कार्ल वेर्निके यांनी 1874 साली मांडले.

आपल्याकडे मात्र भाषा आणि मेंदू ही दोन स्वतंत्र खाती राहिली. 1939 साली पुनरुज्जीवित झालेल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सुमित्र मंगेश कत्रे यांनी भाषाशास्त्राची परंपरा रुजविली. अशोक केळकर यांनी मराठीची ध्वनिव्यवस्था व रूपव्यवस्था यांवर 1958 साली कॉर्नेल विद्यापीठात प्रबंध सादर केला व पुढे डेक्कन कॉलेजात अध्यापन केले. वाचादोषांचा अभ्यास वैद्यकाच्या आश्रयाने वाढला : म्हैसूरची संस्था 1965 ची, वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 ची. त्यामुळे भाषेच्या मेंदूविज्ञानात प्रवेश करू इच्छिणाऱ्या नवोदित संशोधकाला व्याकरण एका दारी आणि शरीरशास्त्र दुसऱ्या दारी शिकावे लागते.

हा द्राविडी प्राणायाम निष्फळ नाही. ‘मुलगी आंबा खाते’ येथे क्रियापद कर्त्याचे लिंग घेते, ‘मुलीने आंबा खाल्ला’ येथे कर्माचे. पक्षाघातानंतर ही संगती ज्याची बिघडली त्याचे शब्द हरवले की वाक्यातील नाते, हा प्रश्न इंग्रजी क्रियापदांवर बेतलेल्या चाचणीला विचारताच येत नाही. आणि रुग्ण चौकसारख्या गावचा असेल, तर त्याचे घरचे रूप प्रमाण मराठीहून भिन्न असल्यामुळे, बोलीचे वर्णन हाताशी नसलेला परीक्षक निरोगी रूपालाही विकार ठरवील. म्हणून यंत्रात मस्तकाची प्रतिमा उतरण्यापूर्वी त्या मस्तकातील बोली कागदावर उतरली पाहिजे, आणि हे काम ग्रियर्सनसाहेबांच्या एका खंडाने संपलेले नाही.